पहिली सॅल्मन फ्लाय: ‘स्टोट्स टेल’ कशी बांधायची

अटलांटिक सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडून देतो. अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला पोचेपर्यंत तो अंगातल्या चरबीवरच निभावतो. तरीही समोरून काहीतरी बारीक, काळसर, वळवळणारं गेलं की त्यावर तोंड टाकतो. चिडून, जुन्या सवयीने की नुसत्या कुतूहलाने, यावर स्कॉटलंडच्या नदीकाठांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे आणि तो मिटवायची कुणाला घाई दिसत नाही. फ्लाय म्हणजे हुकवर केस, पिसं आणि जर दोऱ्याने बांधून केलेलं आमिष. ती बांधणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: इथे एखाद्या किड्याची हुबेहूब नक्कल करायची नसते. योग्य आकार, सडपातळ बांधणी आणि प्रवाहात केसांची मोकळी हालचाल, एवढं साधलं की फ्लाय मासा पकडते. नमुने शेकड्यांनी आहेत. सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नये.

म्हणून इथे एकच नमुना सविस्तर घेतला आहे: ‘स्टोट्स टेल’. काळं अंग, चंदेरी जर, काळे केस, बस्स. तो दिसायला साधा आहे, पण सॅल्मन फ्लायला लागणारं जवळपास सगळं हातकाम त्यात येतं. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनसारख्या शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांच्या तर दारातून डी नदी वाहते. त्यांनी बांधलेली फ्लाय पाण्यात टाकून बघायला लांब जायला नको.

हत्यारं

वाइस, म्हणजे हुक धरून ठेवणारा शिकंजा, यावर पैसे खर्च करा. बाकी सगळ्यात काटकसर चालते. सॅल्मनचे हुक जाड तारेचे असतात. ट्राउटच्या बारीक हुकांसाठी केलेल्या स्वस्त वाइसमध्ये ते घसरतात आणि दोरा ताणला की हुक खाली झुकतो. घेताना दुकानातच ६ नंबरचा डबल, म्हणजे दोन नांग्यांचा हुक (नंबर जितका मोठा, हुक तितका लहान) लावून अंगठ्याने दाबून पाहा. तो हलला तर वाइस घेऊ नका.

दोऱ्याची रीळ धरणारा बॉबिन होल्डर सिरॅमिक नळीचा घ्या. धातूच्या नळीच्या कडेला धार राहिली असेल तर दोरा ऐन मोक्याला तुटतो आणि कारण लवकर लक्षात येत नाही. कात्र्या दोन लागतात: एक बारीक टोकाची दोरा, केस आणि पिसांसाठी, दुसरी जुनीपानी जर कापायला. जर कापलेल्या कात्रीने पुन्हा केस नीट कापले जात नाहीत. हॅकल प्लायर, म्हणजे पिसाचं टोक धरणारा छोटा चिमटा, आणि व्हिप फिनिशर, म्हणजे शेवटची गाठ मारायचं हत्यार, हवा. बुचात खोचलेली दाभणासारखी जाड सुई हवी. केसांतली लव काढायला घरातली उवांची बारीक फणी उत्तम. दिवा डाव्या बाजूने, वाइसच्या मागे पांढरा कागद. काळ्यावर काळं बांधायचं असल्यामुळे हा कागद फार उपयोगी पडतो.

सामान

हुक: सॅल्मनचा डबल, ८ नंबर, वर वळलेल्या नेढ्याचा. दोरा: काळा, ८/०. जर: बारीक, गोलसर, चंदेरी, आत सुती गाभा आणि त्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी अशी, आपल्याकडच्या कलाबतूसारखी. शेपूट: गोल्डन फेझंट या पक्ष्याच्या तुऱ्यातलं एक पिवळं पीस. अंग: काळं फ्लॉस, म्हणजे पीळ नसलेलं रेशीम. गळा: काळ्या रंगवलेल्या कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे तंतू. पंख: काळे केस. याशिवाय थोडं मेण, पातळ पारदर्शक व्हार्निश आणि काळं व्हार्निश.

स्टोट हा मुंगसाच्या अंगलटीचा छोटा शिकारी प्राणी. त्याच्या शेपटीच्या काळ्या टोकाचे केस मूळ नमुन्यात वापरत. एका शेपटीत फ्लाय निघतात मोजक्याच, म्हणून आता बहुतेक जण काळी रंगवलेली खारीची शेपटी वापरतात. दुकानात बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केसही मिळतील. ते लांब आणि मोठ्या फ्लायला चांगले. मुळाशी पोकळ असल्यामुळे दोरा आवळला की फिस्कारतात आणि ८ नंबरच्या हुकवर डोकं जाडजूड होतं. लहान फ्लायला खारच बरी.

पिसांबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावी. पुष्कळ सॅल्मन फ्लायच्या गालांवर पिवळट-पांढऱ्या चकचकीत ठिपक्याचं एक पीस असतं, त्याला तिकडे ‘जंगल कॉक’ म्हणतात. हा आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. ब्रिटिश काळात त्याच्या माना भारतातून विलायतेला जात. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. गावाकडून कुणी ‘सहज मिळालं’ म्हणून दिलेलं पीस सुटकेसमध्ये टाकून नेलं तरी तो गुन्हाच. मोरपिसांच्या निर्यातीवरही बंदी आहे. तिकडच्या दुकानांत पाळीव रानकोंबड्यांची पिसं कायदेशीर मिळतात, महाग असतात, आणि स्टोट्स टेलला त्यांची गरजच नाही.

बांधणी

हुक आधी तपासा. वाइसमध्ये लावून टोकाजवळ नखाने खाली दाबून सोडा. चांगला हुक टणत्कार करून जागेवर येतो. वाकून तसाच राहिला तर पोलादाला दिलेलं पाणी कमी, ताडकन तुटला तर पाणी जास्त. दोन्ही फेकून द्या. उलटे काटे चपटे करायचे असतील तर ते आत्ताच, सपाट पकडीने हळूच दाबून करा. तुटायचाच असेल तर हुक या वेळी तुटतो, म्हणजे अर्ध्या तासाची मेहनत तरी वाया जात नाही. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅल्मन परत सोडावा लागतो आणि कित्येक नद्यांवर वर्षभर तोच नियम आहे, तेव्हा काटे दाबलेले बरे. डबल हुकची दोनपैकी एकच नांगी वाइसमध्ये धरा, दांडी आडवी राहील अशी.

नेढ्यामागे ३ मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोरा सुरू करा. ही जागा डोक्याची. नवशिक्यांच्या शंभरातल्या नव्वद फ्लाय इथेच बिघडतात: अंग पुढे सरकत सरकत नेढ्याला भिडतं, मग गळा आणि पंखाला जागा उरत नाही आणि डोक्याच्या जागी गोळा होतो. सुरुवातीला त्या ३ मिलिमीटरवर नेलपॉलिशची खूण करून ठेवली तरी चालेल. तिथून एकाला एक लागून वेढे घेत हुकच्या टोकाच्या बरोबर वर या. सॅल्मन हुकच्या नेढ्याची तार मागे वळून दांडीला टेकलेली असते आणि जिथे ती संपते तिथे पायरी पडते. ती दोऱ्याने आत्ताच बुजवा. इथे राहिलेली पायरी फ्लॉसखालून दिसतेच.

आता शेपटामागचा चंदेरी टॅग. जरीचं टोक नखाने खरवडून ३-४ मिलिमीटर धातू काढून टाका, सुती गाभा उघडा पडेल. तो गाभा दांडीच्या खालच्या अंगाला बांधा. असं केलं की उंचवटा येत नाही. टोकाच्या वरच्या जागेपासून मागे, उलट्या काट्याच्या दिशेला दोरा थोडा नेऊन तिथून पुढे जरीचे चार वेढे द्या, एकमेकांना चिकटून. खालीच बांधून टाका आणि उरलेलं टोक लगेच कापू नका. ते दांडीच्या पोटाखालून डोक्याच्या खुणेपर्यंत आडवं बांधून न्या. तेच अंगाची भरणी होतं. ही सवय सगळ्या सामानाला लावा: प्रत्येक टोक एकाच जागी संपलं तर अंग एकसारखं राहतं; मध्येच कापलं की तिथे खळगा.

शेपटाचं पीस वरच्या बाजूला, कमान वर करून. लांबी इतकी, की ते हुकच्या बाकाच्या थोडं मागे जाऊन वर उचललेलं दिसेल. तुऱ्याची पिसं पाकिटात पिळवटलेली येतात. एका बाजूला लवंडलेलं पीस बांधून नंतर सरळ होत नाही. ते ओलं करून काचेच्या गोल पेल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून रात्रभर वाळू द्या; पेल्याची कमान ते घेतं. बांधायच्या जागी मधला दांडा पकडीने चपटा करा, म्हणजे दोऱ्याखाली गोल फिरणार नाही.

शेपटाखालीच अंगावर फिरवायची जर बांधून मागे लोंबती ठेवा. टोक पुन्हा खरवडून, पुन्हा पोटाखालून.

फ्लॉसला हात स्वच्छ आणि मऊ हवेत. भेगाळलेल्या बोटांना रेशमाचे धागे अडकतात आणि अंग पिंजारल्यासारखं होतं. आधी हाताला थोडं क्रीम लावून पूर्ण पुसून घ्या. फ्लॉस डोक्याच्या बाजूला बांधा, मागे टॅगपर्यंत गुंडाळत न्या आणि त्यावरून पुढे परत या. दोन थर पुरेत. गुंडाळताना त्याला पीळ बसत जातो, म्हणून दर दोन-तीन वेढ्यांनी सोडून पीळ उलगडा; चपटं राहिलं तरच अंग गुळगुळीत. मागे बारीक, पुढे किंचित भरलेलं असं निमुळतं झालं पाहिजे. मग सुईची पाठ अंगावरून हलकेच घासा, वेढे एकजीव होतात.

आता जर पुढे आणा: पाच वेढे, सारख्या अंतराने, ताणून. पहिला वेढा शेपटाच्या मुळाशी अगदी लगटून. जरीचं काम शोभेपुरतं नसतं. सॅल्मनच्या दातांत रेशीम फाटलं तरी अंग जागेवर धरून ठेवते ती हीच. सैल राहिली तर पहिल्याच माशाला फ्लाय उसवते. दांडीखाली तीन घट्ट वेढ्यांनी बांधा, कापायच्या आधी टोक एकदा मागे दुमडून त्यावर आणखी दोन.

गळ्यासाठी काळ्या पिसाचे दहा-बारा तंतू एका बाजूने खेचून घ्या, टोकं जुळवा आणि दांडीखाली बांधा. तंतूंची टोकं अंगाच्या निम्म्यापर्यंत आली की झालं. डबल हुकमध्ये हे तंतू दोन नांग्यांच्या मधोमध पडले पाहिजेत, बाजूला नाही. वाइस उलटा फिरत असेल तर फ्लाय उलटी करून हे काम सोपं होतं.

पंख

इथे सावकाश. शेपटीतून कातड्याच्या अगदी जवळून केसांची बट कापा. चिमटीत घट्ट दाबल्यावर ती काड्यापेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीची दिसायला हवी. पहिल्यांदा प्रत्येकाला ती कमी वाटते आणि हात आणखी केस उचलायला जातो. उचलू नका. दाट पंख पाण्यात दबून बसत नाही, फ्लाय पृष्ठभागावर घसरत जाते आणि पंख जरीचं अंग झाकून टाकतो. विरळ केस प्रवाहात दुमडतात, उघडतात, त्यांतून पाणी आणि उजेड आरपार जातो. मासा त्या हालचालीवर येतो. दुकानात टांगलेल्या फ्लाय भरगच्च असतात, कारण विरळ फ्लाय गिऱ्हाइकाला गरीब दिसते.

बट टोकाकडून धरून मुळाकडची मऊ लव फणीने पूर्ण काढा. लव राहिली तर दोरा केसांवर न बसता तिच्यावर बसतो आणि पंख दोन दिवसांत गळतो. टोकं ढोबळमानाने जुळवा. अगदी एका रेषेत आणली तर पंख ब्रशसारखा बोथट दिसतो. हुकवर धरून माप घ्या: टोकं शेपटाच्या टोकाशी संपावीत. त्याहून लांब केस हेलकाव्यात हुकच्या बाकाखाली अडकतात आणि फ्लाय कडेवर पोहते. माप ठरलं की मुळं बांधायच्या आधीच तिरकी कापून घ्या. बांधल्यावर कापायला गेलात तर कात्री नेढ्यावर आपटते आणि डोक्याला उतार मिळत नाही.

कापलेल्या मुळांना पातळ व्हार्निशचा एक थेंब लावा. खारीचे केस गुळगुळीत असतात, नुसत्या दोऱ्याने धरत नाहीत. बट दांडीवर ठेवा, किंचित स्वतःकडे झुकवून. उजव्या हाताने बांधणाऱ्याचा दोरा वरून पलीकडे जातो आणि आवळताना सगळं पलीकडे ओढतो. आधी अलीकडे धरलेली बट आवळल्यावर बरोबर मधोमध येते. डाव्या चिमटीत बट आणि दांडी एकत्र पकडा, दोरा चिमटीतून वर घ्या, सैल फास पलीकडून खाली सोडा आणि सरळ खाली ओढा. असे दोन फास झाल्याशिवाय चिमूट सोडू नका. मग सहा-सात घट्ट वेढे, त्यातला एक केसांखालून नुसत्या दांडीभोवती. त्याने पंख थोडा उचलला जातो. आता पंख धरून ओढून पाहा. दोन-चार केस निघाले तर हरकत नाही, झुबका निघाला तर सगळं सोडवून पुन्हा.

उतारावर दोरा फिरवून छोटं, निमुळतं डोकं करा. ‘एवढ्याने सुटेल की काय’ या भीतीपोटी दिलेले जादा वेढे नुसती जाडी वाढवतात. पकड येते ती ताणामुळे. पाच वेढ्यांची व्हिप फिनिश गाठ, दोरा कापा. पहिला हात पातळ पारदर्शक व्हार्निशचा, तो दोऱ्यात मुरतो. काही तासांनी काळ्याचा एक हात, वाळल्यावर दुसरा. दर वेळी ओलं असतानाच नेढ्यातून पिसाचा दांडा ओढून भोक मोकळं करा. वाळलेलं व्हार्निश नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी काढणं म्हणजे शिक्षा.

तपासणी आणि सराव

बादलीपेक्षा बाथटब बरा. फ्लायला हातभर नायलॉन बांधून टबातून संथ ओढा. ती पोट खाली ठेवून सरळ यायला हवी. कडेवर झाली तर पंख एका बाजूला गेला आहे, किंवा फार दाट किंवा लांब आहे. गरगर फिरली तर डबलच्या दोन नांग्या सारख्या फाकलेल्या नाहीत. तो हुकचाच दोष.

पहिली डझनभर एकाच नंबरच्या हुकवर, हीच फ्लाय बांधा. ओळीने मांडून ठेवल्या की डोक्याची जाडी आणि पंखाची लांबी कशी सुधारत गेली ते दिसतं. बिघडलेली फ्लाय ब्लेडने चिरून हुक वाचवण्यापेक्षा ती सावकाश उलगडा. गाठ कुठे सैल होती ते उलगडतानाच कळतं. स्कॉटलंडमधल्या ब्रोरा गावाजवळ राहून जगभरच्या गिऱ्हाइकांसाठी फ्लाय बांधणाऱ्या मेगन बॉइड (१९१५–२००१) लहानपणी अशाच शिकल्या: जुन्या फ्लाय सोडवायच्या आणि त्याच सामानातून लहान हुकवर पुन्हा बांधायच्या.

नंबर कोणता हे पाणी सांगतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काचेसारखं झालं की १० किंवा १२, केस आणखी कमी. नेहमीच्या पाण्याला ८. पाणी साधारण ९ अंश सेल्सिअसच्या खाली, चढतं आणि गढूळ असेल तर हुकवरच्या फ्लायपेक्षा ट्यूब बरी: २५ ते ५० मिलिमीटरची प्लास्टिक, अॅल्युमिनियम किंवा पितळेची नळी, तिच्याभोवती तीन-चार छोट्या बटांत केस, आणि मागे रबरी तुकड्यात खोचलेला वेगळा आखूड हुक. लांब दांडीचा हुक माशाच्या तोंडात तरफेसारखा वागतो आणि उचकटून निघतो. नळी मात्र मासा लागला की दोरीवर वर सरकते. पितळी नळी खोल जाते, प्लास्टिकची वर राहते, म्हणून एकच नमुना दोन्हींवर बांधून ठेवावा. काही नद्यांवर तिहेरी हुकला मनाई आहे, परमिट घेताना विचारा.

सी ट्राउटसाठी दोन बदल

सी ट्राउट म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होऊन आलेला ब्राउन ट्राउटच. वेल्समध्ये त्याला ‘सूइन’ म्हणतात आणि टॉवी, टायवीसारख्या नद्यांवर तो उन्हाळ्यात रात्री पकडतात, कारण स्वच्छ पाण्यात दिवसा तो फार बुजतो.

पहिला बदल सोपा: फ्लॉसऐवजी चपट्या चंदेरी जरीचं अंग. झाली ‘सिल्व्हर स्टोट’. चपटी जर सुमारे १ मिलिमीटर रुंदीची घ्या. ती एका बाजूने सोनेरी, दुसरीने चंदेरी असते आणि पहिल्या वेढ्यात उलटते, म्हणून बांधताना सोनेरी बाजू समोर ठेवा. पुढे बांधून मागे न्या आणि परत आणा, कडेला कड लावून. खालचा दोरा गुळगुळीत नसेल तर प्रत्येक उंचवटा चकाकून दिसतो. फ्लॉस जे थोडंफार लपवतं ते ही जर लपवत नाही.

दुसरा ‘टील, ब्लू अँड सिल्व्हर’. सिंगल हुक, ८ नंबर. शेपूट गोल्डन फेझंटच्या मानेच्या नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या तंतूंचं, सात-आठ तंतू. अंग वरचंच, त्यावर बारीक गोल जर. गळा चमकत्या निळ्या पिसाचा. पंख टील बदकाच्या कुशीच्या पट्टेदार पिसाचा. जुन्या पद्धतीत डाव्या-उजव्या पिसाचे दोन तुकडे जुळवून बांधतात आणि ते नवख्याच्या हातात हमखास फाटतात. त्याऐवजी एकाच पिसाची १५ मिलिमीटर रुंद पट्टी घ्या, तीन घड्या घालून गुंडाळी करा आणि केसांच्या बटेसारखी बांधा. पाण्यात फरक पडत नाही. सी ट्राउटचं तोंड मऊ, हुक फाडून निघतो. फार बारीक तारेचा हुक इथे नको.

सामान ठेवताना: नवी शेपटी किंवा पिसांची मान घरात आली की आधी बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून पुन्हा एकदा फ्रीझरमध्ये. कसरीची अंडी बाहेरूनच येतात आणि एका पिशवीतून सगळा डबा खातात. त्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवा, पण गोळ्या प्लास्टिकच्या ट्यूबपासून लांब, कारण काही प्लास्टिक त्याने चिकट होतं. वापरलेली फ्लाय मात्र ओली डब्यात टाकू नका; बंद डब्यात एका रात्रीत हुक गंजतो आणि शेजारच्या कोऱ्या फ्लायवर तांबडे डाग पडतात.